शांदूरचे बर्फ आणि दापोलीचा अर्ज

इ. स. १८९४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथून मुंबई इलाख्याच्या सरसेनापतींच्या नावे एक विनंतीअर्ज तयार झाला. अर्जामागील गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले हवालदार होते. महार व इतर अस्पृश्य मानलेल्या जातींना लष्करात भरती होण्याची जी वाट बंद करण्यात आली होती ती पुन्हा खुली करावी, ही अर्जातील मुख्य मागणी. पुढल्याच वर्षी, एप्रिल १८९५ च्या पहिल्या आठवड्यात, गिलगिटहून चित्रालकडे निघालेली एक पलटण बारा हजार फुटांहून उंच असलेली शांदूरची खिंड कमरेइतक्या बर्फातून ओलांडत होती. खेचरे बर्फात रुतून बसली तेव्हा या पलटणीतील शिपायांनी काश्मीरच्या गोलंदाजांच्या बरोबरीने तोफा खांद्यावर घेतल्या. ही ३२ वी पंजाब पायोनियर पलटण, आणि तिच्यातील शिपाई होते मजहबी शीख. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांवर जातिव्यवस्थेने गावची सफाई लादली होती, ज्यांचा स्पर्श पंजाबच्या खेड्यात तसाच टाळला जाई जसा कोकणच्या खेड्यात महाराचा, असे लोक.

या दोन घटना एकाच साम्राज्याच्या एकाच लष्करात, एका वर्षाच्या आत घडल्या. एकीकडे अस्पृश्य मानलेला शिपाई हिमालयाच्या माथ्यावर इंग्रजी शौर्यकथेचा नायक होत होता. दुसरीकडे तशाच अवस्थेतील शिपाई, तीन-चार पिढ्यांची चाकरी पदरी असूनही, लष्कराला नालायक ठरत होता. शीख शिपायांच्या हिमालयीन मोहिमांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि दापोलीच्या अर्जाचा निर्देशही दलित चळवळीच्या इतिहासात आवर्जून होतो. परंतु ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. तशी ती वाचली तर 'लढाऊ जमात' या संकल्पनेचे खरे स्वरूप उघड होते, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम मजहबी शिखांविषयी. शीख परंपरेत त्यांचे स्थान गौरवाचे आहे. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे मस्तक आनंदपूरला पोहोचविणारे भाई जैता हे याच समाजातले. दशमगुरूंनी त्यांना हृदयाशी धरले आणि खालसापंथात ते जीवनसिंग झाले. धर्माने दिलेले हे स्थान गावाने मात्र पूर्णपणे मान्य केले नाही. जमीन जाट शिखांच्या हाती राहिली आणि मजहबी गावकुसाच्या कडेलाच राहिले. आपल्याकडे चोखोबांना अभंगांच्या गाथेत आणि वारीच्या स्मरणात जागा मिळाली, तरी त्यांच्या जातीला देवळाबाहेरच उभे राहावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विसंगतीचे नवल वाटणार नाही.

१८५७ च्या उन्हाळ्यात दिल्लीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजी फौजेला खंदक खणणारी माणसे हवी होती. पंजाबात माधोपूर येथे रावी नदीच्या कालव्याचे काम चालू होते आणि तेथे मजहबी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. त्यांनाच उचलून पायोनियर म्हणून दिल्लीला नेण्यात आले. पायोनियर म्हणजे एका हाती कुदळ-फावडे आणि दुसऱ्या हाती बंदूक असलेला शिपाई. त्याने रस्ता करायचा, पूल बांधायचा आणि वेळ आली की पायदळाप्रमाणे लढायचे. पुढे या माणसांच्या नियमित पलटणी झाल्या. १९०३ च्या पुनर्रचनेत त्यांना २३ वी, ३२ वी आणि ३४ वी शीख पायोनियर ही नावे मिळाली. म्हणजे लष्कराचे दार त्यांना उघडले ते हातातल्या फावड्यामुळे. आणि मातीत हात घालण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते ते जातीमुळे. ज्या कामाने समाजाने त्यांना हीन ठरविले त्याच कामाने त्यांना गणवेश मिळवून दिला. हा योगायोग पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

चित्रालचे प्रकरण थोडक्यात असे. हिंदुकुशातील या लहानशा संस्थानात गादीचा तंटा पेटला आणि मार्च १८९५ च्या आरंभी इंग्रज अधिकारी रॉबर्टसन आपल्या तुकडीसह तेथील किल्ल्यात कोंडला गेला. किल्ल्यात काश्मीर संस्थानचे सुमारे तीनशे शिपाई होते आणि १४ व्या शीख पलटणीतले शंभराच्या आतबाहेर शिपाई. सैन्याची सूत्रे टाउनशेंड नावाच्या कॅप्टनकडे होती. वेढा दीड महिना चालला. दक्षिणेकडून मलाकंदमार्गे जनरल लो याची सुमारे पंधरा हजारांची फौज निघाली. पूर्वेकडे गिलगिट भागात मात्र जवळपास होती ती कर्नल केली याची ३२ वी पंजाब पायोनियर पलटण, आणि तीही लढाईसाठी नव्हे तर रस्ते बांधण्यासाठी त्या डोंगरांत आणलेली. कुदळी ठेवून ही माणसे २३ मार्चला गिलगिटहून निघाली. संख्या साधारण चारशे. सोबत काश्मीरच्या डोंगरी तोफखान्याच्या दोन तोफा, काही काश्मिरी सॅपर आणि हुंझा-पुनियालचे स्थानिक लोक.

शांदूरच्या अलीकडे बर्फाने वाट अडविली. पहिला प्रयत्न फसला. खेचरांना पाऊल टाकता येईना, तोफा घसरगाडीवर ओढून पाहिल्या, तेही साधेना. अखेर माणसांनीच तोफांचे सुटे भाग वाहिले. बर्फावरील उन्हाच्या तिरिपीने कितीकांचे डोळे तात्पुरते गेले, कितीकांच्या हातापायांची बोटे हिमदंशाने सडली. आपल्या कळसूबाईच्या माथ्याची उंची सुमारे ५,४०० फूट आहे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर, पुरेशा तंबूंवाचून हे चालले होते. खिंड ओलांडल्यावर ९ आणि १३ एप्रिलला वाटेवर दोन झुंजी झाल्या आणि २० एप्रिलला पलटण चित्रालला पोहोचली. लो याच्या पंधरा हजारांच्या आधी हे चारशे पोहोचले.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. किल्ल्यात अडकलेली १४ वी शीख पलटण प्रामुख्याने जाट शिखांची होती आणि तशा पलटणींत मजहबींना प्रवेश नव्हता. मजहबींनी भरती व्हायचे ते पायोनियरांतच, हा लष्कराचा दंडक होता. बिंगले याने १८९९ मध्ये शिखांवर लिहिलेल्या लष्करी पुस्तिकेसारख्या ग्रंथांतून हा भेद पद्धतशीर मांडलेला दिसतो. तेव्हा ज्यांना पंगतीला घेतले जात नव्हते ते बर्फ तुडवून ज्यांची पंगत होती त्यांच्या सुटकेला आले. मोहिमेवरील इंग्रजी पुस्तकांत, मग ते रॉबर्टसनचे १८९८ चे असो वा केलीबरोबर चाललेल्या बेननचे १८९६ चे, 'शीख' हा शब्द कौतुकाने येतो. मात्र त्या एका शब्दाखाली दोन वेगळी जगे झाकली जातात. साहित्याच्या विद्यार्थ्याने या पुस्तकांकडे वळताना हा झाकलेला सांधा आधी शोधावा.

आता दापोलीकडे. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील आपली छावणी दापोलीस वसविली. गावाचे 'कॅम्प दापोली' हे नाव त्याचीच खूण. सैन्य हलले तरी पेन्शनर राहिले. थंड हवा, आसपासच्या खेड्यांतून लष्करात गेलेल्या माणसांची दाट वस्ती आणि दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन यांमुळे दापोली हे जुन्या शिपायांचे गाव झाले. रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या लष्कराला आणि पोलिसांना माणसे पुरवीत होता याची नोंद १८८० च्या गॅझेटियरातही आहे. भातशेती थोडी, खोतांचा जाच मोठा आणि समुद्र ओलांडला की मुंबई. अशा मुलखात पलटण ही उपजीविकेची हमखास वाट होती. मराठा कुळवाड्याला ती होती, तशीच महारालाही. महाराला तर अधिकच. कारण गावकीत त्याच्या वाट्याला वेठ होती आणि पलटणीत पगार.

मुंबईच्या लष्कराचे एक वैशिष्ट्य होते. बंगालच्या लष्करात उच्चवर्णीयांचा वरचष्मा होता आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्यापुढे अधिकारीही नमत. मुंबईच्या पलटणींत मात्र ब्राह्मण, मराठा, मुसलमान, महार एकाच कंपनीत, एकाच रांगेत उभे असत. जात त्यामुळे नाहीशी झाली असे नव्हे. परंतु शिस्तीने तिला छावणीच्या वेशीवर थोपवून धरले होते. नावाच्या शेवटी 'नाक' असलेला महार शिपाई सुभेदार, जमादार होऊ शकत होता आणि इतर जातींचे शिपाई त्याला सलाम करीत. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांमध्ये अशी 'नाक'धारी नावे ओळीने कोरलेली आहेत.

डोंगरी युद्धाचा अनुभवही या शिपायांना नवा नव्हता. दुसऱ्या अफगाण युद्धात, १६ एप्रिल १८८० रोजी, कंदाहारच्या वाटेवरील दबराई येथील ठाणे मेजर वॉडबी आणि १९ व्या मुंबई पलटणीतील मोजक्या शिपायांनी मोठ्या जमावाविरुद्ध शेवटपर्यंत लढविले व ते तेथेच पडले. त्या शिपायांची नावे एलाही बक्ष आणि सोननाक ताननाक. दुसरे नाव महाराचे आहे हे सांगायला नको. मुंबईच्या फोर्ट भागात वॉडबीच्या नावाचा रस्ता झाला. आज तो हजारीमल सोमाणी मार्ग आहे. सोननाकाच्या नावाचा रस्ता तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. त्याआधी १८६८ मध्ये अबिसिनियातील माग्दालाच्या पहाडावर मुंबईचे सरसेनापती नेपियर यांनी नेलेल्या मोहिमेत मुंबईचे सॅपर आणि पंजाबचे २३ वे पायोनियर एकाच फौजेत होते. म्हणजे मुंबईची फौज आणि मजहबींची पलटण यांनी उंच पहाडावरचे एक रण एकत्र पाहिले होते. कुणाला अपात्र ठरविण्याजोगे काही त्या रणावर घडले नव्हते.

मग १८९० च्या दशकाच्या आरंभी काय घडले? लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उद्याचे युद्ध रशियाशी, वायव्येच्या डोंगरांत होणार असे त्यांनी धरले होते आणि त्यासाठी उत्तरेकडील थंड प्रदेशातील 'लढाऊ' जमातीच कामाच्या, दक्षिणेकडील शिपाई दीर्घ शांततेने मऊ झाले आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. त्या मताला जोड मिळाली ती जातवार कंपन्यांच्या पद्धतीची. पूर्वीची सरमिसळ मोडून एका कंपनीत एकच जात अशी मांडणी सुरू झाली. मराठ्यांच्या कंपन्या झाल्या, मुसलमानांच्या झाल्या. ज्या जातीबरोबर राहायला इतर तयार नाहीत तिची स्वतंत्र कंपनी करावी लागेल. आणि अशी कंपनी करायची नाही असे ठरले की त्या जातीचा शिपाई आपोआप बाहेर पडतो. महारांविरुद्ध युद्धभूमीवरील पुरावा मांडण्याची गरजच उरली नाही. कार्यालयातील तक्त्यात त्यांच्या नावाचा रकाना राहिला नाही, एवढे पुरेसे झाले. १ एप्रिल १८९५ रोजी मुंबई, मद्रास आणि बंगाल ही वेगळी इलाखानिहाय लष्करे अधिकृतरीत्या संपुष्टात आली. केलीची माणसे शांदूरच्या पायथ्याशी बर्फाशी झगडत होती तो हाच आठवडा.

या निर्णयाने फक्त नोकऱ्या गेल्या असे समजणे चुकीचे ठरेल. पलटणीबरोबर शाळा असे आणि शिपायाला व त्याच्या मुलांना तेथे अक्षरओळख होई. गावच्या शाळेत ज्यांना पायरीही चढू देत नसत त्यांच्यासाठी ही एकमेव शाळा होती. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार-मेजर होऊन निवृत्त झाल्यावर त्यांनी काही काळ दापोलीत बिऱ्हाड केले. त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव १८९१ मध्ये महूच्या लष्करी छावणीत जन्मले होते. पुढे बाबासाहेबांनी अस्पृश्य आणि इंग्रजी राज्य यांच्या संबंधांविषयी लिहिताना ही भरतीबंदी आणि तिच्यामुळे शिक्षणाची बंद झालेली वाट हा मुद्दा तपशिलाने मांडला, तो या घरच्या अनुभवावर उभा आहे.

गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ संस्कार होता. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराविषयी धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले आणि दापोलीतच अनार्यदोषपरिहारक मंडळी स्थापन केली. मंडळीचे बळ म्हणजे हेच पेन्शनर, वाचता-लिहिता येणारे, सरकारशी पत्रव्यवहाराची भाषा अवगत असलेले जुने शिपाई. १८९४ चे विनंतीपत्र त्यांच्यातूनच आले.

हा अर्ज मराठी गद्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. त्यात दोन युक्तिवाद एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला सेवेचा : आमच्या वाडवडिलांनी कंपनी सरकारसाठी रक्त सांडले, त्याची आठवण ठेवा. दुसरा कुळाचा : आम्ही मूळचे क्षत्रिय, चौदाव्या शतकाच्या अखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात निषिद्ध अन्न खावे लागल्याने बहिष्कृत झालो. पुस्तिकेत शास्त्राला प्रश्न विचारणारा लेखक अर्जात क्षत्रियत्वाचा आधार का घेतो, असा प्रश्न वाचकास पडेल. त्याचे उत्तर अर्ज ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्याकडे आहे. सरसेनापतींच्या कचेरीत माणूस मोजला जात होता तो जमातीने. 'आम्ही शूर आहोत' हे तेथे वैयक्तिक गुणाचे विधान होऊ शकत नव्हते. ते वंशाचेच विधान व्हावे लागे. वलंगकरांनी समोरच्याच्या भाषेत आपले म्हणणे मांडले. अर्जदाराच्या गद्याची ही कायमची अडचण आहे : न्याय मागायचा तर अन्याय करणाऱ्याच्या शब्दांत मागावा लागतो. अर्जाला यश आले नाही. १८९५ मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा तेथील उच्चवर्णीय सभासद बिथरले. एका दाराने लष्कराने नाकारले, दुसऱ्या दाराने नागरी समाजाने. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मजहबी आणि महार यांच्या सामाजिक स्थानात फारसा फरक नव्हता, लष्करी कामगिरीत फरक असल्याचा पुरावा नव्हता. फरक होता तो सोयीचा. मजहबींसाठी १८५७ पासून एक स्वतंत्र, बंदिस्त कप्पा तयार होता : पायोनियर पलटण. तेथे त्यांना ठेवले की जाट शिखांचे सोवळे शाबूत राही आणि सीमेवर रस्ते बांधणारी, लढणारी माणसेही मिळत. शिवाय ते उत्तरेचे आणि केशधारी. रॉबर्ट्स यांच्या कल्पनेतील लढवय्याच्या चित्रात बसणारे. महार सरमिसळ पलटणींत विखुरलेले होते. त्यांना स्वतःचा कप्पा नव्हता, आणि सरमिसळ मोडताच त्यांची जागाच मोडली. मुंबईकडेही पायोनियर पलटणी होत्या, पण महारांची अशी एकही पलटण उभारली गेली नाही. ज्या लष्कराने महारांना अधिक समतेने वागविले होते त्याच लष्करातून ते बाहेर गेले आणि जेथे मजहबींना कायम वेगळे ठेवले होते तेथे ते टिकले, हा या इतिहासातील सर्वांत कटू भाग होय. समतेला कप्पा नसतो, म्हणून कप्प्यांच्या राज्यात तिचे रक्षण कुणी करीत नाही.

मजहबींना मिळालेल्या या जागेची किंमत काय होती, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९०३ मध्ये यंगहजबंड याची तिबेट मोहीम १४,००० फुटांवरील जेलेपला ओलांडून पुढे गेली. तिच्यात २३ वी आणि ३२ वी या दोन्ही शीख पायोनियर पलटणींच्या तुकड्या होत्या. सुमारे १५,००० फुटांवरील तुना येथे २३ व्या पायोनियरांनी हिवाळा काढला. थंडीने बंदुकांतील तेल गोठे आणि न्यूमोनियाने काही शिपाई दगावले. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी तिबेटी सैन्याची हत्यारे काढून घेण्याचे काम शीख शिपायांना सांगण्यात आले. झटापट झाली, एक गोळी सुटली आणि मग मॅक्सिम तोफा व रायफली काही मिनिटे चालत राहिल्या. तोड्याच्या बंदुका आणि गळ्यातले ताईत घेऊन उभ्या असलेल्या तिबेट्यांपैकी सहाशेहून अधिक ठार झाले. मे महिन्यात १६,००० फुटांपलीकडच्या कारोला खिंडीत ३२ व्या पायोनियरांनी व गुरख्यांनी कडे चढून शत्रूचे मोर्चे उठविले. इतक्या उंचीवरची लढाई इंग्रजी लष्कराने तोवर पाहिली नव्हती. ३ ऑगस्टला फौज ल्हासाला पोहोचली.

कळसूबाईच्या तिप्पट उंचीवर श्वास कोंडत असताना कडा चढणाऱ्या शिपायाचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते धैर्य कुणाविरुद्ध वापरले गेले? गुरूच्या मैदानात मरणारे तिबेटी शेतकरी आणि त्यांच्यावर गोळी झाडणारा भूमिहीन मजहबी यांच्यात वैर कसले होते? गावाने नाकारलेली प्रतिष्ठा साम्राज्याने देऊ केली ती या अटीवर की ती दुसऱ्या दुबळ्यांवर बंदूक रोखून कमवावी. दापोलीच्या अर्जाला यश आले असते तर कोकणातल्या महारालाही हीच अट पाळावी लागली असती. अर्जाचे मूल्य याने कमी होत नाही. भाकरीचा आणि अक्षराचा हक्क मागणाऱ्याला साम्राज्याने दुसरे दार ठेवलेच नव्हते, एवढेच यातून दिसते. मात्र शौर्याच्या वारशाचा आज अभिमानाने उच्चार करताना ही बाजू विसरू नये, असे आम्हांस वाटते.

पुढची कथा वेगाने सांगता येईल. गुरूच्या झटापटीत तलवारीने जखमी होऊन हात गमावलेला वार्ताहर एडमंड कँडलर पुढे मेसोपोटेमियात युद्धवृत्ते लिहायला गेला. त्याच्या १९१९ च्या 'द सिपॉय' या पुस्तकात मराठा शिपायाला स्वतंत्र प्रकरण आहे. चित्रालचा टाउनशेंडही मेसोपोटेमियातच होता. कुत येथे तो पुन्हा वेढ्यात सापडला तेव्हा त्याच्या हाताखाली पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. कोकण आणि देशावरची माणसे. या वेळी सुटका झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती आली आणि कितीतरी शिपाई कैदेत मेले. 'मऊ' ठरविलेल्या दक्षिणी शिपायाला महायुद्धाने पुन्हा 'लढाऊ' केले, कारण आता माणसे हवी होती. महारांनाही तेव्हाच आठविले गेले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे केलेल्या अर्जाला जे साधले नाही ते तुटवड्याने साधले : १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली.

मजहबींचा कप्पाही कायमचा ठरला नाही. काटकसरीच्या काळात, १९३२-३३ मध्ये, सर्व पायोनियर पलटणी बरखास्त झाल्या. शांदूर, तुना आणि कारोला यांची कीर्ती त्यांना वाचवू शकली नाही. चाळीस वर्षांपूर्वी महारांवर आलेली पाळी आता त्यांच्यावर आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा सरकारला दोघांचीही एकदम आठवण झाली. १९४१ या एकाच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली आणि मजहबी व रामदासिया शिखांची रेजिमेंटही, जी पुढे शीख लाइट इन्फन्ट्री झाली. महार रेजिमेंटच्या मागे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. दापोलीच्या पेन्शनरांचा अर्ज सत्तेचाळीस वर्षांनी, त्यांच्यापैकीच एकाच्या मुलाच्या हातून, मंजूर झाला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. या दोन्ही रेजिमेंट आजही भारतीय लष्करात आहेत.

'लढाऊ जमात' ही संकल्पना वंशशास्त्राची भाषा बोलत असली तरी तिचा उगम कचेरीतील गरजांमध्ये होता, हे विधान आता नवे नाही. परंतु सर्वसाधारण विधान आणि उदाहरण यांत अंतर असते. मजहबी शीख आणि रत्नागिरीचा महार ही जोडी असे उदाहरण पुरविते की त्यात रक्त, हवामान, धर्म, शौर्य अशा कोणत्याही सबबीला जागा राहत नाही. अभ्यासक्रमात दलित साहित्याचा आरंभ शिकविताना आपण बहुधा कविता आणि आत्मकथनांपासून सुरुवात करतो. त्याआधी या समाजाने लिहिलेले गद्य अर्जांचे आहे : सही करणाऱ्यांच्या यादीसह, सरकारी मायना पाळून, विनम्र शब्दांत लिहिलेले. त्या विनम्रतेखाली काय दाबलेले आहे ते समजायचे असेल तर वर्गात विनंतीपत्राच्या शेजारी चित्रालच्या मोहिमेचे एखादे प्रकरण ठेवावे. एकात शिपाई दुसऱ्याच्या लेखणीतून नायक होतो, स्वतः बोलत नाही. दुसऱ्यात शिपाई स्वतः बोलतो, पण त्याचे कुणी ऐकत नाही. या दोन मजकुरांमधले अंतर मोजणे हे इतिहासाइतकेच साहित्याच्या अभ्यासाचेही काम आहे.